खडू, चुण्या आणि आम्ही पाचजण

चित्रकारांच्या क्लासात चित्रं कमी आणि भानगडीच जास्त होतात! एकीला हसून होईस्तोवर दुसरी दारात हजर. पंचाहत्तर साल उजाडायच्या आधी नगरात एका माडीवर सबनीस सरांचा क्लास होता. आम्ही पाचजण शिकायचो. त्यात मी सगळ्यात हुशार, हे आधीच सांगून टाकतो.

भिंतीवर इटलीतल्या कुणा जुन्या उस्तादाच्या खडूच्या चित्राची छापील प्रत होती. बसलेला माणूस, मांडीवरून ओघळलेलं वस्त्र. चुणी न् चुणी जिवंत, पण मुंडकं नुसतं दोन रेघांत. माडीवर दूध घालायला येणारा दूधवाला ते बघून म्हणाला, "सर, खडू संपला काय? डोकं ऱ्हायलंय की!"

*

सरांनी खुर्चीवर चादर टाकून तासभर खपून चुण्या पाडल्या. "आठ दिवस हेच! कुणी हात लावायचा नाही!"

तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर चादर गायब. घरमालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "केवढा तो पसारा! धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलीय हो!"

सर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

मॉडेल म्हणून बेलापूरचा सखाराम हमाल यायचा. घोंगडी पांघरून बसायचं, हलायचं नाही, एवढंच काम. अर्ध्या तासात घामाघूम!

"सर, पोतं परवडलं. ते निदान खाली तरी ठेवता येतं!"

*

आमच्यात कोल्हारची कुसुम होती. मुंबईच्या आर्ट स्कूलला जायचं, हा एकच ध्यास. वडिलांचा साफ नकार. एक दिवस ते स्वतःच माडी चढून आले. "चल घरी. लई झाली चित्रं."

कुसुमचा चेहरा पांढरा पडला. नेमका सखाराम आला नव्हता. सर म्हणाले, "आलात तसे घटकाभर बसा. मग खुशाल न्या पोरीला."

परक्याच्या घरी नाही कसं म्हणायचं? बसले. कुसुमनं खडू उचलला.

तासाभरानं ते निघायला उठले, कागद पाहिला आणि जागीच थबकले. "माजा गुडघा दुखतोय, ह्ये घरात कुनालाच ठाव न्हाई. तुला कुनी सांगितलं?"

"धोतरानं, आबा. डाव्या गुडघ्यावर सैल पडलंय, उजव्यावर तटलंय. सूज हाय तिथं."

आबांनी उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग सरांकडं वळून म्हणाले, "मास्तर, मुंबईत पोरींची ऱ्हायची सोय कुठं असती?"