दादाच्या चाली

दादाच्या घशातली गाठ कॅन्सरची निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे कळलं तशी मी डोंबिवलीहून त्याच्या घरी निघाले. बस शीळफाट्याला अडकून पडली, पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मला वाटलेलं घरात रडारड असेल. पण वहिनी ओट्याशी नारळ खवत होती आणि दादा जमिनीवर पेटी घेऊन बसलेला.

"सण उरकले की ऑपरेशन," तो म्हणाला. "तोवर गाऊन घेतो."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. आमच्या सिनेगॉगला घरातली जुनी माणसं मशीदच म्हणायची. दादा आयुष्यभर एका कारखान्यात मशीनचे नकाशे काढायचा आणि शनिवारी, सणावारी मशिदीत प्रार्थना गायचा. त्याशिवाय त्याला कीर्तनं यायची. भावांनी विकलेल्या योसेफाची, समुद्र दुभंगवणाऱ्या मोशेची, सगळी मराठीत, पेटी-तबल्यावर. पप्पांकडून शिकलेला. आमच्या लहानपणी ठाण्यात ही कीर्तनं करणारी बरीच घरं होती. मग एकेक करत लोक इस्राएलला गेले आणि दादाला साथ करायला कुणी उरलं नाही.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्या संध्याकाळी मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, "सगळं रेकॉर्ड करूया."

"करून काय? कपाटात ठेवणार?" तो म्हणाला. "कुणीतरी ऐकून गायलं पाहिजे. गाणारी माणसं शोध आधी."

म्हणून मी माणसं शोधायला लागले. एका चुलत नात्यातल्या भावाचा नंबर मिळाला, तो इस्राएलमध्ये अश्दोदला असतो, तबला वाजवतो. त्याने आणखी काहींना आणलं. कुणी तिथल्याच लोदची, कुणी दिमोनाची, एक कल्याणची बाई लग्नात मेंदीची गाणी म्हणणारी. आधी नुसता व्हॉट्सॅप ग्रुप होता. मग मी एक साधी वेबसाइट बनवली. एकेका गाण्याखाली ते कुणी गायलंय, चाल कुठल्या गावची, शब्द मराठीत आणि हिब्रू लिपीत, आणि त्याखाली प्रतिक्रिया द्यायची जागा. अट एकच, दादाने घातलेली: इथे ऐकायला यायचं नाही, गायला यायचं.

त्याचं घर टेंभी नाक्याजवळ. आमचं नवं वर्ष आणि नवरात्र पाठोपाठ येतात, त्यामुळे त्या दिवसांत लाउडस्पीकरपुढे तिथे काही रेकॉर्ड होणं शक्य नव्हतं. दादा माझ्याकडे डोंबिवलीत मानपाड्याला येऊ लागला. मी खिडक्यांना गोधड्या लावायची, पंखा बंद करायची. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. मधेच आवाज बसायचा, तेव्हा तो गरम पाणी पिऊन डोळे मिटून बसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

नव्या वर्षानंतर येणाऱ्या कप्पूरच्या, म्हणजे पापांची क्षमा मागायच्या उपासाला तो शेवटचं मशिदीत गायला. आमच्यात त्या दिवशी फोनला हात लावत नाहीत, म्हणून ते गाणं कुठेच नाही. संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला त्याचा आवाज दोनदा फाटला. बायकांच्या बाजूला वहिनी माझ्या शेजारी उभी होती. ती पुस्तकातून मान वर काढत नव्हती, पण पान मात्र केव्हाचं उलटलेलं नव्हतं.

ऑपरेशननंतर दादाच्या गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं. त्यावर वहिनीने शिवलेला मऊ रुमाल असायचा. बोलायचं ते तो फोनवर टाइप करून दाखवायचा. मला वाटलं, आता तो ग्रुपकडे बघणार नाही. पण हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने पहिला मेसेज मलाच केला: "रविवारी सगळ्यांना बसव."

दर रविवारी दुपारी मी दादाकडे जायची आणि तिथून आम्ही सगळे व्हिडिओवर भेटायचो. पहिल्यांदा सगळे एकदम गायलो तर नुसता गोंधळ. इंटरनेटमुळे प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचत होता. समोरासमोर बसून गाणारी माणसं ती, त्यांना फार वाईट वाटलं. दिमोनाच्या एक आजी म्हणाल्या, "हे गाणं नाही गं, ही नुसती गर्दी झाली." मग एकाने गायचं आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून आपापल्या घरात साथ द्यायची, असं ठरलं. दादा टेबलावर बोटाने ताल धरायचा. कुणी चुकलं की बोट थांबायचं, आणि गाणारा आपोआप थांबायचा.

भांडणंही झाली. एका कीर्तनाची अश्दोदच्या भावाकडची चाल वेगळी होती, अलिबागकडची. "माझे वडील असंच गायचे," तो म्हणाला. "तुमची ठाण्याची चाल बिघडलेली आहे." मी त्याला बरंच काही बोलायला निघाले होते. दादाने माझ्या हातावर हात ठेवला आणि टाइप केलं, "दोन्ही ठेव. त्याला परत गायला सांग, मला अंतरा नीट कळला नाही." भाऊ पुन्हा गायला. दादा मान हलवत ऐकत होता. संपल्यावर त्याने लिहिलं, "ही जास्त चांगली आहे." भाऊ चष्मा काढून पुसत बसला.

लोदची एक मुलगी होती, विशीतली. तिच्या पणजीची भाषा मराठी, तिला स्वतःला ओ की ठो येत नव्हतं. शब्द हिब्रू अक्षरांत लिहून ती गायची. सगळं जमायचं, पण ळ येईना. 'काळोख' म्हणताना 'कालोख' व्हायचं. दादाने कॅमेऱ्याजवळ जाऊन तोंड उघडलं, चमच्याच्या दांड्याने जीभ वर वळवून कुठे टेकवायची ते दाखवलं. पण त्यातून आवाज कुठला निघणार. मुलगी बघत राहिली. तेव्हा मागे उभी असलेली वहिनी पुढे आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "ळ." पुन्हा म्हणाली. दादा तोंड उघडायचा आणि वहिनी आवाज काढायची. मुलीला ते त्याच दिवशी साधलं. त्यानंतर वहिनी दर रविवारी त्याच्या शेजारी बसायला लागली. तिने उभ्या जन्मात चारचौघांत गायलेलं नव्हतं. आता दादा टाइप करायचा आणि ती वाचून दाखवायची. कुणाला रागवायचं असलं तरी तीच रागवायची, जरा सौम्य शब्दांत.

पुढच्या उन्हाळ्यात आजार फुप्फुसात गेला. दादा रविवारचा एक तास बसायचा, मग अर्धा, मग पलंगावरून नुसता फोन समोर धरायचा. पावसाळा सरता सरता तो गेला. कब्रस्तानात चिखल होता. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमवायलाही फोनाफोनी करावी लागली.

मी महिनाभर ग्रुप बंद ठेवला. दुखवट्यात आम्ही गात नाही, ऐकतही नाही. महिना झाल्यावर सगळ्यांनी त्याच्यासाठी जमायचं ठरवलं. वहिनीला मी विचारलं, ती हो म्हणाली. माझ्याकडे मानपाड्याला येऊन बसली. सुरुवातीला कुणीतरी दादाचं रेकॉर्डिंग लावलं. तो गायला लागला आणि स्क्रीनवर लोकांचे अंगठे, फुलं, टाळ्या येऊ लागल्या. वहिनी उठून आतल्या खोलीत गेली.

मी मागोमाग गेले. ती म्हणाली, "ते काढून टाक."

"आत्ताचं?"

"सगळं. तो गातोय आणि लोक अंगठे दाखवतायत. मला नाही बघवत."

मी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात वेबसाइटवरून दादाची सगळी गाणी उतरवली. अश्दोदहून भावाचा फोन आला. "अगं, हे त्याचं काम होतं. तिला समजव ना." मी म्हटलं, "तू समजव." त्याने तिला फोन केला नाही. काही लोक ग्रुप सोडून गेले. दिमोनाच्या आजी आजारी पडल्या आणि त्यांचंही येणं थांबलं.

हिवाळ्यात एकदा वहिनी न कळवता आली. चहा घेताना विचारलं, "त्याचं नुसतं बोललेलं आहे का तुझ्याकडे? गाणं नको. ऑपरेशनच्या आधीचं बोलणं."

 गाण्यांच्या आधीमधी तो खूप बोलायचा, पण ते त्यानेच मला कापायला लावलं होतं. लोकांना गाणं पाहिजे, माझी बडबड कशाला, म्हणून. कापून उरलेल्या फाइली मी कधीच पुसून टाकलेल्या. तरी आम्ही दोघी शोधत बसलो. जुन्या फोनमध्ये, शाळेच्या पेनड्राइव्हमध्ये, कुठे कुठे. एक सापडली, बहुधा चुकून चालू राहिलेली. तीत पाण्याचा आवाज होता, भांडं ठेवल्याचा, आणि मग दादा मला म्हणत होता, "घरी फोन कर. तिला म्हणावं जेवून घे, माझी वाट बघू नको. तरी बसेल बघ तशीच."

वहिनीने ती परत लावली. परत. मग म्हणाली, "बसलेच होते मी."

त्या दिवशी ती माझ्याकडेच राहिली. सकाळी निघताना चपला घालता घालता म्हणाली, "गाणी लाव परत. त्याने शिकवायला गायलेली, ती काय माझी आहेत? फक्त खाली ते अंगठेबिंगठे नकोत. आणि हे बोलणं कुणाला देऊ नको."

मी गाणी परत चढवली, खालची प्रतिक्रियांची सोय काढून टाकून. ग्रुप सोडून गेलेली माणसं सगळी परत आली नाहीत. आता रविवारी आम्ही चार-पाच जण असतो. अश्दोदचा भाऊ असतो, पण त्याचे हात कापायला लागलेत, तबला सोडून तो टाळ वाजवतो. लोदची मुलगी असते, कल्याणच्या बाई कधी असतात, कधी नसतात. वहिनी स्वतःच्या घरून जोडली जाते. तिच्या शेजारची खुर्ची कॅमेऱ्यात दिसते, ती सरकव असं मी तिला अजून म्हटलेलं नाही. गेल्या रविवारी मुलीने विचारलं की पुढच्या कीर्तनाची चाल कोण सांगणार.  मग मी पेटी ओढून घेतली आणि मला आठवत होतं तेवढं गाऊन दाखवलं. अंतऱ्याला मी चुकले, ते मला कळलं, भावालाही कळलं असणार.  त्याने नुसते टाळ धरले आणि आम्ही पुढे गेलो.