सोनाळ्याचा कॉम्प्युटर आणि जावयाचा मान

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात, पण चहा येईपर्यंत दुसरं करायचं तरी काय?

आमच्या जळगाव जामोदात कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की आधी मला विचारतात. न विचारणाऱ्यालाही मी सांगतोच. तयार डबा घ्यायचा नाही, सुटे भाग आणून जुळवायचा, रॅममध्ये कंजुषी करायची नाही आणि दुकानदाराचं अजिबात ऐकायचं नाही! सोनाळ्याला माझे सासरे राहतात, निवृत्त मास्तर. त्यांना मी अस्साच एक कॉम्प्युटर जुळवून दिला. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आमच्याकडे जावयाला कोण आडवं बोलतो?

मागच्या दसऱ्याला पुण्यात मेव्हण्याच्या मुलीचं बारसं होतं. नाव ठेवायला आत्या हवी, म्हणून माझी बायको तिकडे गेली. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, त्यांना जाता येईना. नातीचं नाव ठेवताना डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. सासरे म्हणाले, मोबाईलवर पाहू. मी म्हटलं, छे, मोबाईलवर बारसं बघणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. मी आहे ना, मोठ्या पडद्यावर दाखवतो.

सकाळी सोनाळ्याला सासऱ्यांच्या घरी दसऱ्याची पूजा झाली. विळा, खुरपं, शिलाई मशीन आणि शेवटी कॉम्प्युटर. सासूबाई पाणी शिंपडणार तोच मी त्यांना थांबवलं. वीज आणि पाणी या विषयावर छोटंसं भाषण केलं, सगळी खबरदारी घेतली आणि मगच हळदकुंकू वाहू दिलं.

बारशाची वेळ झाली. मी ऐटीत बटण दाबलं. काहीच नाही.

भिंतीवरचं बटण चालू, वायर ठीक. म्हणजे रॅम हलली असणार! डबा उघडला, रॅम काढली, पुसली, बसवली. तरी ठार. मग पंखा काढला, डिस्क काढली. सासरे सारखे खाकरत होते. धुळीचा त्रास होत असेल म्हणून मी त्यांना लांब बसवलं. चादरभर भाग पसरले आणि मी निकाल दिला, मदरबोर्ड गेला. हल्लीच्या मालात दमच राहिला नाही, हेही सांगून टाकलं.

इतक्यात सासऱ्यांचा मोबाईल वाजला. पलीकडे पाळणा, बाळ आणि बायको. सासूबाईंनी मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला. बायकोनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं नाव सांगितलं, शर्वरी. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. खरं सांगतो, मलाही भरून आलं. फटीतून सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

मग बायकोला मागची चादर दिसली.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"मदरबोर्ड गेला," मी म्हणालो.

"आन डब्याच्या मांगचा खटका पाह्यला का?"

डब्याच्या मागे, वायर जिथे खुपसतात तिथे, एक बारीक खटका असतो. तो बंद होता. सकाळी भाषण करता करता, खबरदारी म्हणून, मीच तो बंद केला होता.

सासरे हळूच म्हणाले, "मले मघाशीच दिसला होता. पन जवायाले कसं सांगाव?"

यंदाच्या दसऱ्याला पूजेआधी सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि पेढ्यांचं भलंमोठं ताट माझ्या दोन्ही हातांत दिलं.

"जवाईबापू, कॉम्प्युटरची पूजा होईपर्यंत हे खाली ठेवू नका बरं."