बांधीतली रिकामी जागा

आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी धानाच्या रोवणीसाठी कोंढ्याला घरी आलो. नववीत शाळा सोडून मी हैदराबादेत कामाला लागलो होतो. सुटी मुश्किलीनेच मिळाली. फोनवर बाबांचं एकच असे, पोरगी धड जेवत नाही, शाळेत जात नाही, मोबाइलमधून मान वर करत नाही. बहीण पंधराची. तिचं काही बरंवाईट तर होणार नाही ना, या धास्तीने तिकडे माझं कामात लक्ष लागेना.

आईच्या रोवणीच्या टोळीतल्या बाया रोज सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात जाताना बहिणीला हाक मारून जात. आईच्या आजारपणात याच बायांनी आमची चूल पेटती ठेवली होती. त्यांतलीच शेजारची काकू म्हणायची, बांधीत चल, चार बायांत मन लागेल. बहीण हलायची नाही.

शेवटी मी तिच्याजवळ बसलो. दिवसभर कोणाशी बोलतेस, विचारलं. मोबाइलवरच्या ग्रुपमधल्या पोरींशी, म्हणाली. त्यांतल्या कोणालाच तिने कधी पाहिलेलं नाही.

"त्याइले मी सांगतो, माय हाक मारून राहिली, जेवून येतो. तिथं कोणालेच माहीत नाही, दादा."

मी विचारलं, "मंग बायाइसंग काहून नाही जात?"

"गेली होती ना एक दिवस. त्या मायची जागा सोडून रोवतात. माह्या बाजूनं ते रिकामी जागा दिवसभर संगच सरकते."

रोवताना बाया एका ओळीत मागे मागे सरकतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. आईची जागा त्यांनी भरली नव्हती. तेवढा पट्टा मागाहून कोणीतरी रोवून घेई.

मी काकूला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली.

"आमी तं मायेनं ठेवली होती रे, बाबू."

मला माहीत होतं. तसं म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी बाया एकमेकींना लागून उभ्या राहिल्या. बहीण आली, मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून कमरेला खोचलेला. काकूने तिला आपल्या बाजूला घेतलं आणि जरा वेळाने टोमणा मारला, "रोवून राहिली का गाडून राहिली वं?" बहीण किंचित हसली. दुपारी धुऱ्यावर, कोरड्या बांधावर बसून तिने ग्रुपमध्ये काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

ती पुन्हा चिखलात उतरली. मी धुऱ्यावरून ओळीकडे बघत राहिलो. आई नेमकी कोणाच्या बाजूला उभी राहायची, ते आता ओळखू येत नव्हतं.