विष्णुक्रांतेची पट्टी

उकिडवं बसायचं, अंगठा नखापर्यंत मातीत रोवायचा आणि म्हणायचं, "तहान त्याला न्हाई, तुला हाय." आमच्या स्टेशनचा माळी दिवसातून दहा वेळा हे करायचा. झाडांना पाणी कमी पडतं म्हणून स्टेशनमास्तर ओरडले, तरी हेच. मास्तरांना 'तुम्हाला' म्हणायचा, एवढाच फरक.

जालन्याच्या पुढचं ते लहान स्टेशन. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झालेली. मी पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, शिक्षण दुसरी.

विष्णुक्रांता तुम्ही पाहिलीच असेल. मुरमाड माळावर जमिनीला चिकटून असते. शर्टाच्या बटणाएवढं निळं फूल, सकाळी उघडतं, दुपारी मिटतं. लायनीच्या कडेची एक मी उपटून क्वार्टरपुढं लावली, रोज तांब्याभर पाणी घातलं. आठ दिवसांत सडली.

"पाजून मारलीस की गड्या," माळी म्हणाला आणि तीन दिवस हसला.

मंग त्यानंच शिकवलं. काळी माती काढ, मुरूम भर. झाड उपटू नको, मुळी हातभर खोल जाते, तुटली की मेली. बी आण, मिरगात टाक आणि विसरून जा.

"इसरता येतं का तुला?"

"येतं."

"खोटं बोलून राह्यलास."

खोटंच होतं. मी रोज बघायचो. तिसऱ्या वर्षी दारापुढं चार हात लांब निळी पट्टी झाली. गाडी थांबली की लोक खिडकीतून बोट दाखवायचे. पॉइंट्समनकडं कोण बघतं? माझ्याकडं बघायचे.

पुढच्या साली पाऊस झालाच नाही. स्टेशनची बाग करपली, आणि मोठा साहेब तपासणीला येणार होता. मास्तर माळ्याला म्हणाले, "बाग न्हाई तर माळी कशाला?"

तपासणीच्या आदल्या दिवशी मी ड्यूटीवरून घरी आलो, तर दारात नुसता उकरलेला मुरूम.

"माळीबाबा घेऊन गेले," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगितलं म्हणले."

सकाळी फलाटावरच्या कुंड्यांत माझी फुलं उघडली होती. साहेबानं शाबास म्हटलं, कुठून आणली विचारलं. माळी म्हणाला, "रानातली हाय साहेब. कुठंबी उगवते."

मी दहा पावलांवर होतो. त्यानं मला पाहिलं होतं.

साहेबाची गाडी गेल्यावर मी एवढंच विचारलं, "जगतील?"

तो कुंड्या आवरत होता. वर न बघता म्हणाला, "साहेब गेला ना."

तिसऱ्या दिवशी सगळी वाळली. नोकरी वाचली त्याची. पाच लेकरं होती, मला कळतं. मागितली असती तर मी दिली असती का? बिलकुल न्हाई. हे त्याला बराबर ठाऊक होतं, तेच जास्त लागलं.

पुढं दोन वर्षं एकाच स्टेशनवर होतो, बोललो नाही. एकदा तो बियांची पुडी घेऊन दाराशी आला. बायकोनं हात पुढं केला. मी आतूनच म्हणालो, "इथं काही लावायचं न्हाई." तो पुडी खिशात घालून गेला.

तो रिटायर होऊन गावी निघाला, त्या दिवशी मी सांध्यावर निशाण घेऊन उभा होतो. गळ्यात हार घातलेला, तो डब्याच्या दारात होता. माझ्यासमोर आल्यावर काहीतरी बोलला. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मी मान फिरवली.

निशाण मात्र शेवटचा डबा जाईपर्यंत धरलं. तसा कायदाच होता.