नर्मदाबाईंनी पारखून आणलेला राउटर

ब्राह्मणपुरीच्या नर्मदाबाई पाटलांनी आयुष्यात नवी कोरी वस्तू फार थोड्या वेळा घेतली. लग्नानंतर हौसेनं घेतलेलं नवं शिलाई मशीन आठ दिवसांत अडून बसलं, आणि शहाद्याच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून आणलेलं जुनं मशीन पुढं तीस वर्षं झबली-पोलकी शिवत राहिलं. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं. नव्या वस्तूचा स्वभाव कुणाला माहीत असतो? जुनीचं जे काय बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं. कपाट जुनं, पंखा जुना. म्हैससुद्धा त्या तिसऱ्या वेताचीच पाहून घेत.

यंदा मार्चमध्ये मात्र घरात अशी वस्तू लागली, जिचं नावही त्यांना धड घेता येईना.

सून रंजिता हिला पुण्यातल्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं होतं. विम्याचे कागद आणि दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर तपासायची. सहा महिने बघू, मग कायम करू, असा बोलीचा कारभार. इंटरनेटची लाइन घरात वर्षापूर्वीच आली होती, पण तिचा डबा ओसरीत. घर एकामागे एक चार खोल्यांचं, भिंती हातभर जाड. रंजिताचं टेबल शेवटच्या खोलीत, आणि रेंज तिथं पोचेपर्यंत दमून जाई. ओसरीत बसावं तर सासरे अमृतराव टीव्हीवर कुस्त्या लावून पैलवानांना डाव सांगत असायचे. मुलगा नवनीत पपईच्या गाड्यांबरोबर महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे दाद मागायची कुणाकडे?

मग रंजिता मीटिंगसाठी गच्चीवर जाऊ लागली. ओसरीच्या बरोबर वर, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारी, डोक्यावर छत्री आणि मांडीवर लॅपटॉप. वानरं येऊ नयेत म्हणून नर्मदाबाई काठी घेऊन जिन्यात बसत. एके दिवशी मिरच्यांवरून वारा सुटला आणि रंजिताला पुण्याच्या मॅडमसमोर ओळीनं अकरा शिंका आल्या. नर्मदाबाईंनी त्या मोजल्या, काठी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बस व्हयनं. आते त्या डबाले भाऊ लई येऊत."

दुसऱ्या दिवशी सासू-सून डब्याचा भाऊ आणायला शहाद्याला जिनेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर. जिनेशनं चकचकीत खोकी मांडली. नर्मदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"जुना दखाड."

"जुना नही म्हनू, काकी. रिफर्बिश म्हनतस त्याले. कंपनीना माणूस खोलस, तपासस, खराब भाग बदलस, मंग परत विकस."

"म्हनजे जुनाच ना?"

"हा... जुनाच."

"मंग आसं सरळ बोल ना, भाऊ."

त्यांनी जिनेशनं पुढं केलेला काळा राउटर हातात घेतला, उलटा केला, मागची भोकं निरखली, दोन्ही अँटेना कान धरल्यासारख्या फिरवून पाहिल्या. जनावराच्या बाजारात त्या दात बघत, अगदी तसंच. मग म्हणाल्या, "आठेच चालू कर." जिनेशनं चालू केला. हिरवे दिवे लागले. "आते अर्धा घंटा चालू दे. तापस का, दखू." जिनेशनं चहा मागवला. त्या अर्ध्या तासात त्या तीनदा राउटरच्या पाठीवर हात ठेवून आल्या. जिनेश पंधरा दिवसांची हमी देत होता. चहा संपेपर्यंत ती तीन महिन्यांवर गेली होती. वर पंचवीस मीटर वायर आणि ती जोडायची रीत एका कागदावर लिहून.

घरी आल्यावर ओसरीतल्या डब्यापासून वायर निघाली. पाण्याच्या मोटारीची वायर ज्या भोकातून गेली होती, त्याच भोकातून ती आत गेली आणि तिसऱ्या खोलीत धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर राउटर बसला. रंजितानं मोबाइल उघडला. नेटवर्कांच्या यादीत नाव आलं: 'हितेशला पासवर्ड सांगू नका'.

"कोन हितेश?" नर्मदाबाई.

"माहीत नाही, आई."

"आपला घरमा हितेश नही, आपला वाडामा नही. काय करं व्हई त्या पोऱ्यानं?"

जिनेशला फोन लावला. तो पलीकडे ओशाळून हसला. आधीच्या मालकाची सगळी माहिती पुसायची राहून गेली होती. मागं बारीक छिद्र आहे, त्यात टोकदार काहीतरी घालून दहापर्यंत मोजा, म्हणाला. रंजिता सुई शोधायला उठली, तोवर नर्मदाबाईंनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून छिद्रात घातलीसुद्धा. दहाऐवजी पंधरापर्यंत मोजलं, पाच वरकड असू द्यावेत म्हणून. दिवे विझले, परत लागले, आणि हितेश घरातून गेला. रंजितानं कागदावर लिहिल्याप्रमाणे राउटर ओसरीतल्या डब्याला जोडून घेतला आणि नव्या नेटवर्कला 'नर्मदा' नाव दिलं. "मन्हं नाव कशाले?" असं म्हणत नर्मदाबाईंनी ते मोबाइलवर तीनदा पाहून घेतलं.

पण शेवटच्या खोलीत रेंज अजूनही एकच कांडी. जिनेश फोनवर म्हणाला, पत्रा रेंज अडवतो, राउटर उंच आणि मोकळ्या जागी लावा. मग नर्मदाबाई एका हातात मोबाइल धरून, बोअरची जागा शोधणाऱ्या पाणाड्यासारख्या खोलीभर हळूहळू फिरल्या. रंजिता राउटर घेऊन मागं मागं. दाराच्या चौकटीवरच्या भिंतीपाशी कांड्या पूर्ण झाल्या. तिथं खिळा होता आणि खिळ्यावर अमृतरावांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो.

नर्मदाबाईंनी स्टूल ओढलं. अमृतराव कुस्ती सोडून आत आले.

"बाबाले उतारतीस?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"उतारत नही," नर्मदाबाई म्हणाल्या. "ओसरीमा लई जातस. मामंजीस्ले कुस्तीना कितला नाद व्हता! आठे अंधारामा भित दखी ऱ्हायनात बारा वरीसथीन."

अमृतरावांनी स्वतः फोटो पुसला, टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर लावला आणि थोडा वेळ आवाज कमी करून बसले.

सोमवारी दहाला मीटिंग सुरू झाली. शेवटच्या खोलीत पंखा, टेबल, चेहरा स्वच्छ, आवाज खणखणीत. नर्मदाबाई समाधानानं स्वयंपाकाकडे निघाल्या. तिसऱ्या खोलीतून जाताना त्यांना भिंतीवरच्या राउटरचे चार हिरवे दिवे दिसले. खोलीत माणूस नाही आणि दिवे जळताहेत. पस्तीस वर्षांची सवय. हात आपोआप बटणावर गेला.

"आई!" आतून हाक आली.

नर्मदाबाईंनी बटण परत चालू केलं, पण राउटर सावकाश जागा होऊ लागला. एक दिवा, मग दुसरा. ती दोन मिनिटं त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, म्हैस विताना उभं राहावं तशा. चौथा दिवा लागला तशा तडक आत गेल्या आणि सुनेच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावल्या.

"मॅडम, चूक मन्ही शे. बटन मी बंद करं. पोरले बोलू नका, तिना काही गुन्हा नही."

पडद्यावर सात-आठ चेहरे थबकले. पुण्याच्या मॅडमना निम्मंच समजलं. रंजितानं लाल होत उरलेलं सांगितलं. मॅडम हसल्या, आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईही हेच करतात. फक्त कबूल करत नाहीत."

त्या दिवशी दुपारी नर्मदाबाईंनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर आपल्या अक्षरात लिहिलं, 'नर्मदा, हात लावू नको.'

ऑगस्टमध्ये रंजिताचं कायमचं पत्र आलं. ते तिनं वाचून दाखवलं, तेव्हा नर्मदाबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं आणि 'कायम' हा शब्द कुठं आहे तिथं बोट ठेवून घेतलं. तेवढ्यात शेजारच्या सुगंधाबाई आल्या. त्यांची भाची बारावी झाली होती आणि तिलाही असलं काम करायचं होतं. रंजितानं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची सरकवली. उद्या दहाला ये म्हणावं, मी शिकवते, म्हणाली.

आणि नर्मदाबाई चहा टाकायला उठल्या, चार कप, त्यातला एक ओसरीसाठी.