साडूंचा कॅमेरा आणि चाकांवरची माणसं

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर जो कोणी पायाला चाकं बांधून आपटला, त्याचा फोटो माझ्या साडूंकडे असणारच. न पडणाऱ्यांचे फोटो त्यांच्याकडे नाहीत, कारण साडू कॅमेरा नीट रोखेपर्यंत ती माणसं पार पुढच्या वळणावर पोचलेली असत.

आठवडाभर हा गृहस्थ चांगी बिझनेस पार्कात निमूटपणे हिशेब तपासत असे. रविवारी मात्र खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवून, कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकून ते मोहिमेवर निघाल्यासारखे निघत. मागून थालीपिठांचा डबा आणि चटई घेऊन त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, ताई. त्यांच्यामागे मी, छत्री धरायला. डिजिटल कॅमेऱ्याचं नाव काढलं की साडू दुखावत. "अहो, फोटो काढायचा नसतो, पिकू द्यायचा असतो," असं म्हणून ते आंब्याच्या अढीकडे पाहावं तसे प्रकाशासाठी आकाशाकडे पाहत बसत. एकदा एक चिनी मुलगी त्यांच्यासमोरच सपशेल आडवी झाली. साडू धावले. मला वाटलं, हात द्यायला. त्यांनी विचारलं, "वन मोअर टाइम, सेम प्लेस, कॅन?" ती गुडघा चोळत म्हणाली, "अंकल, यू क्रेझी, इज इट?" तिला मी उठवलं. साडू हळहळत म्हणाले, "या पिढीला कलेची चाडच नाही."

इतक्या लोकांचे फोटो काढणाऱ्या या माणसाने ताईंचा फोटो कधी काढला नव्हता. ताई त्याबद्दल बोलत नसत. "जरा चालून येते," म्हणून उठत आणि तासाभराने घामाघूम होऊन परतत. साडूंनी कधी विचारलं नाही.

एका रविवारी साडूंचा प्रकाश एकदाचा पिकला. ते भिंगाला डोळा लावून बसले, तोच पंजाबी ड्रेस आणि हेल्मेट घातलेली कोणी बाई चाकांवरून थेट चौकटीत घुसली. साडू ओरडले, "मॅडम, प्लीज, साइड! साइड!"

"अहो, तुम्हीच व्हा बाजूला! मला थांबता येत नाही!"

साडू हलले नाहीत. बहुधा आवाज ओळखून थिजले असावेत. तिकाटणं, कॅमेरा, साडू आणि ताई, सगळं एकत्र हिरवळीवर. भिंगाच्या ठिकऱ्या झाल्या.

"लागलं का गं?" साडूंनी विचारलं.

ताई हसत सुटल्या. "चार महिने शिकतेय. थांबायचं तेवढं राहिलंय."

"मग मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कामात होतात."

साडूंनी खाली बसून ताईंच्या गुडघ्यावरचा निसटलेला पट्टा बांधला. ते काही त्यांना नीट जमलं नाही. ताईंनीच पुन्हा बांधला.

आता त्या वाटेवर सायकलीच जास्त. स्केटवाले क्वचित दिसतात, ताईंचे गुडघेही कुरकुरतात. साडूंचे जुने फोटो लोक कौतुकाने मागून नेतात. पण त्या धडकेनंतरच्या दोन वर्षांतल्या रविवारांचा एकही फोटो नाही. कारण विचारलं तर साडू खाली बघत म्हणतात, "हिला थांबता येत नसे, धरून चालावं लागे हो. दोन्ही हात गुंतलेले असायचे."