कापसाची गादी

आमची कंपनी डोंगरावरच्या पोस्टवर चढायला नऊ दिवस होते. मी हवालदार, मारेगावचा, वेपन ट्रेनिंगचा उस्ताद. महागावचा शिपाई गजानन फायरिंगमध्ये दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा झाला असता तर खालीच राहिला असता, आणि सोबती वर असताना आपण खाली राहायचं म्हणजे तोंड कुठं दाखवायचं, याचीच त्याला धास्ती.

नवी ७.६२ रायफल जुनीपेक्षा जोरात धक्का द्यायची. त्याचा खांदा काळानिळा पडला होता.

"उस्ताद, माह्या रायफलीतच खोट हाय."

नाचता येईना, अंगण वाकडं. तरी म्हटलं, मोजून पाहू. सकाळी सात वाजता रेंजवर त्याची आणि माझी रायफल पाळीपाळीनं दोरांवर आडवी टांगली. लांबून दोरीनं ट्रिगर ओढला. कोणती किती मागं जाते ते फळीवर खडूनं आखलं. दोन्ही रेघा एकाच जागी आल्या.

मग त्याच्या रायफलीच्या बटाला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्याला, खडू फासून पाच गोळ्या झाडायला लावल्या. शर्टावर ठसे पाच ठिकाणी, एक तर थेट दंडावर. चाचपलं तर खांदा मऊ. शर्टाच्या आत लुगड्याच्या तुकड्यात शिवलेली कापसाची गादी! कापूस घरच्या वावरातला, शिवण मायची. आम्हा कापूसपट्ट्यातल्या लोकांना दुखलं-खुपलं की कापूसच आठवतो. पण धक्क्यानं कापूस दबतो, सरकतो, बट सुटतं आणि मग घणासारखं बसतं. मी त्याला चांगलाच झापला.

"काढ ते. बट खांद्याच्या खोबणीत ओढून घट्ट धर. धक्का अंगावर घे."

चार दिवसांनी पाचही ठसे एकावर एक पडले. खांद्याचं दुखणं कमी झालं. तो पास झाला आणि मला फार आनंद झाला.

पोस्टवर चौदाव्या दिवशी सकाळी सहा दहाला वायरलेस सेट बोलला, "कॉन्टॅक्ट. एक घायल." म्हणजे गस्तीची शत्रूशी गाठ पडली होती. सहा चाळीसला पुन्हा बोलला, "घायल शहीद." तो गजानन होता.

त्याचं सामान घेऊन मीच महागावला गेलतो. पेटीत तळाशी गादी निघाली. मायनं ती ओळखली.

"हे काहून नाही वापरली जी त्यानं?"

"मीच काढाले लावली, माय."

"खांदा दुखत नव्हता ना मंग?"

"नाही. बरा झालता."

गादी राहू दिली असती तर तो नापास होऊन खाली राहिला असता. हे मी तिला सांगू शकलो नाही. निघताना तिनं ती माझ्याच हातात दिली. म्हणाली, दुसऱ्या कोण्या पोराचा खांदा दुखला तर त्याले द्या.

त्यानंतर सहा वर्षं मी पोरांना फायरिंग शिकवलं. गादी कोणालाच दिली नाही.